क्लॅरन्स डॅरोचं आत्मचरित्र : पावसाळ्यापासून कोर्टाच्या बॅगेत वागवल्यावर

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा छपाईने खाल्ला आणि एक डॅरोने स्वतःच्या हाताने घालवला. तो कुठे गेला ते पुढे येईलच.

'द स्टोरी ऑफ माय लाइफ' १९३२ मध्ये आलं तेव्हा क्लॅरन्स डॅरो पंचाहत्तरीच्या घरात होता. त्याच्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला फौजदारी वकील. मी इंदूरला जिल्हा कोर्टात काम करते, बहुतेक सेशन ट्रायल आणि जामीन. गेल्या पावसाळ्यात पुस्तक मागवलं, तेव्हापासून ते बँड आणि गाऊनबरोबर बॅगेत असतं. सलग वाचलेलं नाही. पुकारा होईपर्यंत बाकावर, रीडर (साहेबांचा कारकून) फाइल शोधत असताना, हायकोर्टात नंबर लागायची वाट बघताना, असं तुकड्यातुकड्यांनी वाचलं. काही प्रकरणं परत परत, काही एकदाही पुरी नाहीत. समीक्षा मला जमणार नाही, हाताशी ठेवून काय उपयोग झाला तेवढं सांगते.

आधी प्रतीबद्दल. डॅरो १९३८ मध्ये गेला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मागणीनुसार छापलेल्या स्वस्त प्रती भरपूर मिळतात. माझी त्यातलीच. जुन्या प्रतीच्या स्कॅनवरून छापलेली, कुणी नीट तपासलेली दिसत नाही. नावं मधूनच बदलतात, परिच्छेद भलतीकडे तुटतो. शेवटी सूची नाही, आणि वकिलाच्या पुस्तकाला सूची नसणं म्हणजे काय हे वकिलालाच कळेल. दिवाळीपर्यंत मधली पानं सुटायला लागली. कोर्टाबाहेर फाइली शिवणारा बसतो त्याच्याकडून दोऱ्याने शिवून घेतलं. आता ते कुणाच्या तरी अपिलाच्या पेपरबुकासारखं, म्हणजे शिवलेल्या कागदांच्या बाडासारखं दिसतं, पण धड आहे.

घेताना मनात एकच होतं, जिरह, म्हणजे उलटतपासणी. आमचे सर (आता प्रॅक्टिस सोडलीय, मूळचे रामबागेतले) ज्युनियरांना शिकवताना डॅरोचं नाव घ्यायचे. १९२५ चा डेटन गावातला खटला त्यांचा आवडता. टेनेसी राज्यात माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं शाळेत शिकवायला बंदी होती आणि जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर तोच आरोप होता. सरकार पक्षाकडून विल्यम जेनिंग्ज ब्रायन, अध्यक्षपदाला तीनदा उभा राहिलेला पुढारी. डॅरो लिहितो की आयुष्यात एकदाच, याच खटल्यासाठी, तो आपणहून पुढे आला. बाकी सगळे खटले त्याच्याकडे चालत आले. २० जुलैला त्याने विरुद्ध बाजूच्या वकिलालाच, म्हणजे ब्रायनला, बायबलचा जाणकार म्हणून साक्षीला बोलावलं. गर्दी आणि उकाडा इतका की न्यायाधीशांनी कामकाज इमारतीबाहेर हिरवळीवर हलवलं होतं. योनाला गिळणारा मासा, थांबलेला सूर्य, पृथ्वीचं वय, असे बायबलातल्या गोष्टींवर एकामागून एक प्रश्न. ब्रायन हळूहळू चिडत गेला आणि गर्दी हसत गेली.

वाचायला झकास. पण कामाचं किती? न्यायाधीशांनी दुसऱ्याच दिवशी ती साक्ष रेकॉर्डवरून काढून टाकली. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली ती उत्क्रांतीमुळे नव्हे, ५० डॉलरच्या वरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता आणि इथे तो न्यायाधीशांनी ठरवला म्हणून. जगभर ज्या उलटतपासणीचं कौतुक झालं, तिचा निकालावर काडीचा परिणाम नाही. सर हे कधी सांगायचे नाहीत. त्यांना ब्रायनचा घाम पुसण्यापर्यंतचाच भाग प्रिय.

दुसरी अडचण ज्युरीची. डॅरोची अर्धी ताकद निकाल देणाऱ्या बारा सामान्य माणसांशी बोलण्यात होती. १९०७ मध्ये आयडाहोच्या माजी गव्हर्नरच्या खुनात कामगार पुढारी बिल हेवूड अडकला, त्याला डॅरोने सोडवलं. डेट्रॉईटमध्ये ओसियन स्वीट या काळ्या डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, १९२५ च्या सप्टेंबरात बाहेर जमाव जमला, घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा मेला. घरातल्या सगळ्यांवर खुनाचा खटला. डॅरोने पूर्ण गोऱ्या ज्युरीला विचारलं की हेच उलट्या रंगांनी घडलं असतं तर तुम्ही घरातल्या माणसांवर आरोप ठेवला असता का? पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही. १९२६ च्या मे महिन्यात डॉक्टरांचा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि मग बाकीचेही मोकळे झाले.

आपल्याकडे ज्युरी नानावटी खून खटल्यापासूनच बदनाम झाली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. समोर एकटे साहेब, म्हणजे न्यायाधीश, आणि त्यांना कारणं लिहून निकाल द्यायचा आहे. डॅरोच्या सुरात शेतकऱ्याचं पोर, आईचं काळीज असं सुरू केलं, की साहेब चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "वकील साहब, पॉइंट पर आइए।" पुढचा पॉइंट म्हणजे चालानमधली (आरोपपत्रातली) तारीख आणि जप्तीपंचनाम्यावरची सही. त्यामुळे पहिले काही आठवडे मला वाटायला लागलं होतं की हे पुस्तक परदेशी हत्यार आहे, इथल्या कोर्टात चालायचं नाही.

मत बदललं ते १९२४ च्या शिकागोवाल्या प्रकरणाने. या एका प्रकरणासाठी पुस्तक घ्यावं असं मी म्हणेन.

नेथन लिओपोल्ड १९ वर्षांचा, रिचर्ड लोब १८ वर्षांचा. गडगंज घरांतली हुशार, शिकलेली पोरं. मे महिन्यात त्यांनी बॉबी फ्रँक्स या १४ वर्षांच्या मुलाला मारलं, कारण त्यांना कुणाच्या हाती न लागता खून करून बघायचा होता. पकडले गेले, कबुली दिली. शहर फाशी मागत होतं. सगळ्यांना वाटलं की डॅरो वेडाचा बचाव घेईल आणि ज्युरीपुढे जाईल. त्याने दोघांना गुन्हा कबूल करायला लावला. ज्युरीचा बादशहा म्हणवणारा माणूस ज्युरीला टाळून गेला!

का, ते तो नीट समजावतो. इलिनॉयमध्ये खून आणि खंडणीसाठी अपहरण, दोन्हींना फाशी होती. एकावर ज्युरीपुढे लढला असता तर सरकार पक्षाच्या हातात दुसरा आरोप शिल्लक राहिला असता. दोन्हींवर एकदम कबुली दिली की त्यांची दुसरी संधी गेली. आणि कबुलीनंतर शिक्षा ठरवणार एकटे न्यायाधीश, जॉन कॅव्हर्ली. बारा जणांत फाशीचं ओझं वाटलं जातं, कुणालाच ते पुरतं जाणवत नाही. एकट्या माणसाला मात्र ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मग डॅरोने मनोविकारतज्ज्ञांची साक्ष आणली. ही मुलं वेडी आहेत असं म्हणायला नव्हे, ती कशी घडली हे शिक्षा ठरवताना ऐकून घ्या म्हणायला. ऑगस्टमध्ये तीन दिवस त्याचं भाषण चाललं. १० सप्टेंबरला जन्मठेप आणि वर ९९ वर्षं.

हे वाचताना मी बाकावर सरळ होऊन बसले. एकटा न्यायाधीश, दोष सिद्धच, आणि प्रश्न फक्त शिक्षेचा. हे तर आमचं रोजचं कोर्ट झालं! फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये, आणि जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २५८(२) मध्ये, दोषी ठरल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं ऐकायचं असा नियम आहे. प्रत्यक्षात होतं काय? निकाल वाचला जातो, घरचे रडायला लागतात, आणि साहेब विचारतात, "सजा के प्रश्न पर कुछ कहना है?" वकील उठून म्हणतो, पहिला गुन्हा आहे, वय कमी आहे, म्हातारे आईवडील आहेत, नरमी बरतावी. झालं. पुढची फाइल.

आणि यात इंदूरचं नाव कायद्याच्या पुस्तकांत कोरलं गेलंय, हे आपल्याच बाररूममध्ये फार जणांना माहीत नसतं. २०११ मध्ये इंदूरमध्ये एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या तीन बायकांचा खून झाला. खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. लळीत, न्या. भट आणि न्या. त्रिवेदी यांच्या पीठाने फाशी काढून किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली. त्याच निकालात सांगितलं की फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, कमाई, मारहाण किंवा दुर्लक्षाचा इतिहास, मानसिक तपासणी आणि तुरुंगातली वागणूक हे सगळं खालच्याच कोर्टात कागदावर आलं पाहिजे, सरकारनेही द्यायचं आणि आरोपीकडूनही घ्यायचं. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी 'विरळातल्या विरळ' प्रकरणातच, हे सूत्र दिलं होतं, पण वजनकाट्याच्या आरोपीकडच्या पारड्यात टाकायला कुणी काही गोळाच करत नव्हतं.

माझ्याकडे फाशीचे खटले येत नाहीत. पण हिवाळ्यात खुनाच्या प्रयत्नाचं एक प्रकरण शिक्षेपर्यंत येणार हे दिसत होतं. तेव्हा निकालाच्या आधीपासूनच आरोपीच्या बहिणीला कामाला लावलं. शाळा सोडल्याचा दाखला, बापाच्या दारूपायी झालेल्या पोलीस तक्रारींच्या नकला, जेलमधल्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र, जिथे हमाली करायचा त्या मालकाचं शपथपत्र. मुंशीजी (माझे कारकून) म्हणाले, मॅडम, एवढं कोण वाचतंय. साहेबांनी वाचलं. निकालपत्रात त्याच्या दोन ओळी आल्या. शिक्षा त्याने किती कमी झाली हे मला मोजता येणार नाही, आणि त्या ओळी तिथे नसत्या तरी आकडा तोच आला असता असंही कुणी म्हणू शकेल. अपिलात मात्र ते कागद रेकॉर्डवर आहेत.

इथे डॅरोच्या हकिकतीतली एक गोष्ट फार उपयोगी आहे. कॅव्हर्लीसाहेबांनी निकाल देताना डॉक्टरांच्या साक्षीचं महत्त्व मान्य केलं, पण फाशी टाळायचं मुख्य कारण दिलं ते आरोपींचं वय. एवढं तत्त्वज्ञान, एवढी मानसचिकित्सा, आणि निकालाला आधार जन्मतारखेचा. न्यायाधीशाला लिहिता येईल असं एक साधं कारण हातात द्यावं लागतं. बाकीचं भाषण त्याने ते कारण उचलावं म्हणून.

आता गेलेला एक तारा.

हे महत्त्वाकांक्षी माणसाचं पुस्तक आहे, आणि लेखक पानोपानी सांगतो की आपल्याला महत्त्वाकांक्षा अशी नव्हतीच, सगळं योगायोगाने झालं. माणसाच्या हातात काही नसतं, परिस्थिती त्याला घडवते, हे त्याचं तत्त्वज्ञान. आरोपीसाठी वापरतो तेव्हा पटतं. स्वतःसाठी वापरतो तेव्हा संशय येतो. अ‍ॅश्टाब्युला या लहान गावात तो वकिली करत होता. ३,५०० डॉलरला घर ठरवलं, ५०० रोख द्यायचे, बाकी हप्त्याने. मालकाच्या बायकोने सही नाकारली, म्हणे हा पोरगा उरलेले कुठून देणार? डॅरो ताडकन म्हणाला, नकोच तुमचं घर, मी गाव सोडून चाललोय. आणि १८८७ मध्ये शिकागोला गेला. तो सांगतो की त्या बाईने सही केली असती तर आयुष्य तिथेच गेलं असतं. गोष्ट छान आहे. पण शिकागोत पाऊल टाकल्यावर हाच माणूस क्लबांत, सभांत, जिथे बोलायला मिळेल तिथे उभा राहतो. हेन्री जॉर्जसारख्या गाजलेल्या वक्त्यानंतर बोलायला उठतो, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं, मग महापौर बोलावून नोकरी देतो. हा योगायोग असेल तर आमच्या बारच्या निवडणुकीला उभे राहणारे सगळे संन्यासी म्हणायचे. पुढे रेल्वे कंपनीची वकिली मिळाली आणि १८९४ च्या संपात ती सोडून तो संपवाल्या युजीन डेब्सच्या बाजूने उभा राहिला. धाडस खरंच, पण त्याच धाडसाने तो देशभर पोचला. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे तो लिहित नाही.

सगळ्यात कच्चा भाग लॉस एंजेलिसचा. १९१० मध्ये तिथल्या एका वर्तमानपत्राची इमारत स्फोटाने उडाली, माणसं मेली. मॅकनामारा बंधूंचा बचाव डॅरोकडे. १९११ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि त्याच दिवसांत डॅरोवरच ज्युरीला लाच देण्याचा आरोप आला. त्याच्याकडे कामाला असलेला तपासनीस पैसे देताना रस्त्यावर पकडला गेला आणि डॅरो त्याच वेळी तिथे हजर. १९१२ मध्ये एका खटल्यात निर्दोष, १९१३ मध्ये दुसऱ्यात ज्युरीचं एकमत नाही.

हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. मित्र कसे पांगले, पैसा कसा संपला, बिसेट नावाचा एक जुना अशील मालगाड्यांतून लपत येऊन साक्षीदाराला संपवायची तयारी दाखवतो आणि डॅरो त्याला कसा परत पाठवतो, हे सगळं तब्येतीत येतं. पण त्या सकाळी तो रस्त्यावर काय करत होता, तपासनिसाकडे पैसे आले कुठून, या दोन प्रश्नांवर मला एकही सरळ वाक्य सापडलं नाही ज्याच्यावर मी त्याला बांधून ठेवू शकेन. निर्दोष सुटलेल्या माणसाने जास्त बोलू नये हा सल्ला आम्हीही अशिलाला देतो. पण आत्मचरित्र हा सरतपासणीचा जबाब असतो, समोर जिरह करायला कुणी नाही. तिथे तरी माणसाने स्वतःहून सांगावं. एक तारा तिथे गेला.

हवाईचं प्रकरण शेवटी येतं, १९३२ चं. स्वीट कुटुंबासाठी लढलेला हाच म्हातारा होनोलुलूत जाऊन जोसेफ काहाहावाईला पळवून मारणाऱ्या गोऱ्यांचा बचाव करतो. मंदीत पैसे बुडाले होते, ते बेट बघायचं होतं, असं मोकळेपणाने सांगतो, तेवढं बरं वाटलं. सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली आणि गव्हर्नरने ती एका तासावर आणली. डॅरोला यात न्याय दिसला. मला दिसला नाही. पुस्तक छापून आलं त्याच वर्षी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या चौकशीत निघालं की ज्या बलात्काराच्या आरोपावरून तो खून झाला, त्यालाच आधार नव्हता. पुस्तकात ते अर्थातच नाही.

संक्रांतीला प्रत सरांकडे नेली, तर पंधरा दिवस परत मिळाली नाही. त्यांचं स्वतःचं लिहायचं घाटतंय. म्हणाले, "मी पण लिहून काढतो, तू टाइप करून दे." इंदूरच्या जुन्या वकिलांकडे गोष्टींना तोटा नाही. बावला खून खटलाच घ्या. १९२५ च्या जानेवारीत मलबार हिलवर गोळीबार, आरोपींचे धागे होळकर दरबारापर्यंत, एका आरोपीच्या बचावाला जीना, आणि पुढच्या वर्षी तुकोजीरावांनी गादी सोडली. डेटनच्याच वर्षातला हा खटला मराठी घरांत अजून रंगवून सांगितला जातो. पण सरांना सांगायचेत स्वतःचे खटले. मी म्हटलं, "सर, साक्ष्य अधिनियम, कलम १३२." जुन्या पुरावा कायद्यातलं १२६. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही, वकीलपत्र संपल्यावरही नाही. तुमची सनद टांगलेली असली तरी त्याचं गुपित मोकळं होत नाही. सर म्हणाले, "मग डॅरोने कसं लिहिलं?" नीट बघितलं तर त्याने कोर्टात उघड झालेलंच बहुतेक लिहिलंय. बंद खोलीतलं थोडं आहे, आणि तेही जिथे त्याची स्वतःची बाजू उजळते तिथे. सरांनी आता नावं बदलून, निकालपत्रांच्या नकला काढून कामाला सुरुवात केली आहे. उपकथानकं मात्र तशीच रंगवतात.

शेवटच्या भागात गुन्हा, शिक्षा, धर्म, मृत्यू यांवर निबंध आहेत. एकच मुद्दा दहा वेळा येतो. मी अर्धे सोडले. घरच्या माणसांबद्दलही फारसं काही नाही. पहिली बायको, घटस्फोट, हे दोन घोटांत संपतं. इंग्रजी जुनं असलं तरी अवघड नाही. वाक्यं लांब, शब्द साधे.

वकिलीत नवीन असाल तर पहिल्या पानापासून वाचायच्या भानगडीत पडू नका. शिकागोच्या दोन मुलांपासून सुरू करा, मग डेट्रॉईट, मग लॉस एंजेलिस पेन्सिल हातात घेऊन. डेटन शेवटी ठेवा, ते मजेचं आहे. आणि छापील स्वस्त प्रतीच्या नादी न लागता फोनवर ई-बुक घ्या. नाव टाकून शोधता येतं, सूचीचं रडगाणं मिटतं, आणि कोर्टरूममध्ये फोन बंद करायला लागतो तेव्हा आपोआप साहेबांकडे लक्ष राहतं.